नौदलाला विमानं कशाला लागतात? थोडा इतिहास, बरीच चर्चा

उधाणवारा (धागाकर्ता)

४ डिसेंबर जवळ आला की कराचीवरच्या हल्ल्याचे लेख आणि व्हिडिओ फिरायला लागतात. फिरायलाच हवेत, क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री जे केलं ते केवळ अचाट होतं. पण त्याच दिवशी, १९७१ च्या ४ डिसेंबरला, देशाच्या दुसऱ्या टोकाला 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू नौकेच्या डेकवरून सी हॉक विमानं उडाली आणि पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजारच्या विमानतळावर तुटून पडली. नंतर चितगाव. पुढच्या दिवसांत खुलना, चालना, मोंगला. त्याची आठवण त्यामानाने फार कमी निघते, म्हणून हा धागा.

विमानवाहू नौका म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बॉम्ब टाकणारी विमानं येतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. नौदलाला विमान लागतं ते आधी बघण्यासाठी, मारण्यासाठी नंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजावरच्या माणसाला समुद्र फार थोडा दिसतो. २५ मीटर उंच डोलकाठीवरून क्षितिज जेमतेम १८ किलोमीटरवर असतं. रडार थोडं पुढे बघतं, पण अडचण तीच. १०,००० मीटरवरच्या विमानाचं क्षितिज साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. अर्ध्या तासात क्षितिजाआडून कोण उगवणार हे ज्याला कळतं, तो लढाई अर्धी जिंकलेला असतो.

हे आपल्याच शेजारच्या पाण्यात एकदा घडलेलं आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपानी ॲडमिरल नागुमो पाच विमानवाहू नौका घेऊन हिंदी महासागरात शिरला. ४ एप्रिलला लिओनार्ड बर्चल या कॅनडाच्या वैमानिकाच्या कॅटालिना विमानाला श्रीलंकेच्या आग्नेयेला हे आरमार दिसलं. त्याच्या माणसांनी बिनतारी संदेश पाठवायला सुरुवात केली आणि तो पुरा होण्याआधीच जपानी झिरो विमानांनी त्यांना पाडलं. बर्चल पकडला गेला. पण जेवढा संदेश पोचला तेवढ्याने कोलंबो बंदर सावध झालं आणि बरीचशी जहाजं बाहेर काढता आली. दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, हल्ला झालाच.

९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ला झाला. ब्रिटिशांची 'हर्मिस' ही विमानवाहू नौका आदल्या रात्रीच तिथून निघाली होती, पण तिची विमानं किनाऱ्यावर राहिली होती. स्वतःचं एकही विमान नसलेली विमानवाहू नौका जपान्यांच्या टेहळणी विमानाला दिसली आणि बट्टिकलोआजवळ बुडाली. याच मोहिमेत ६ एप्रिलला 'र्‍युजो' या दुसऱ्या जपानी नौकेच्या विमानांनी आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. म्हणजे विमानवाहू नौकेचा मार भारताच्या किनाऱ्याने खाल्लेला आहे, आणि शाळेत आम्हाला हे कधी शिकवलं नाही.

कोलंबोवर आलेल्या त्या पाच नौकांपैकी 'अकागी', 'सोर्यू' आणि 'हिर्यू' दोनच महिन्यांनी मिडवेच्या लढाईत तळाला गेल्या. कारण पुन्हा नजर. अमेरिकन टेहळणी विमानाने जपानी आरमार वेळेत शोधलं. जपान्यांच्या 'तोने' क्रूझरवरून उडायचं टेहळणी विमान अर्धा तास उशिरा उडालं, आणि अमेरिकन नौका जवळ आहेत हे नागुमोला कळेपर्यंत निर्णय घ्यायला वेळच उरला नव्हता.

१९७१ च्या 'विक्रांत'बद्दल प्रतिसादांमध्ये लिहितो. ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा.

वाचनवेडी

धागा आवडला. र्‍युजो आणि काकीनाडा हे खरंच माहीत नव्हतं. सुरुवात कुठून झाली तेही सांगा ना. जहाजावरून विमान उडवायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?

उधाणवारा

@वाचनवेडी, १४ नोव्हेंबर १९१० ला युजीन इली नावाच्या अमेरिकन वैमानिकाने 'बर्मिंगहॅम' या क्रूझरवर बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या उतारावरून विमान उडवलं. चाकं पाण्याला लागली, पण तो वाचला. १८ जानेवारी १९११ ला सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत नांगरलेल्या 'पेनसिल्व्हेनिया'वर तो उतरला. विमान थांबवायला डेकवर आडवे दोर ताणले होते, दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या. विमानाच्या आकड्यांत दोर अडकले आणि ते थांबलं. इलीला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याने सायकलच्या ट्यूब अंगाभोवती गुंडाळल्या होत्या! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका प्रदर्शनात विमान कोसळून तो गेला.

चालत्या जहाजावर पहिल्यांदा उतरला तो ब्रिटनचा एडविन डनिंग, २ ऑगस्ट १९१७ ला, 'फ्युरियस'वर. डेकवरच्या लोकांनी धावत जाऊन विमानाला लावलेले पट्टे हातांनी धरले. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना विमान समुद्रात पडलं आणि डनिंग बुडाला.

आजच्या 'विक्रांत'वर (जुनीचंच नाव दिलेली नवी नौका) लढाऊ विमान थांबतं ते इलीच्याच पद्धतीने. वाळूच्या पिशव्यांऐवजी डेकखाली हायड्रॉलिक यंत्रं आहेत, इतकाच फरक.

दाबोळीचा शेजारी

वास्कोत राहतो म्हणून थोडं लिहितो. गोव्याला येणारे लोक दाबोळीला 'विमानतळ' म्हणतात, आमच्यासाठी तो नौदलाचा तळ, 'हंसा'. मूळ विमानतळ पोर्तुगीजांनी पन्नासच्या दशकात बांधला. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकून खड्डे पाडले. तरी त्या रात्री उरलेल्या धावपट्टीवरून दोन प्रवासी विमानं अंधारात उडून कराचीला निसटली. नवीकोरी 'विक्रांत' तेव्हा गोव्याच्या समुद्रात गस्तीला होती. मुंबईत येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते.

'आयएनएस हंसा'ची स्थापना खरं तर ५ सप्टेंबर १९६१ ला कोईम्बतूरजवळ सुलूरला झाली. गोवा मुक्त झाल्यावर, १९६४ मध्ये ती दाबोळीला आली. तेव्हापासून सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, मिग-२९ के, सगळ्यांची गाठ या धावपट्टीशी. वर्षानुवर्षं आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिले, आणि प्रवासी विमानांना त्या वेळात जागा नसायची. पर्यटनवाल्यांची त्यावर कायम कुरकुर. मला ती पटत नाही. ज्या वैमानिकाला रात्री भर समुद्रात डेकवर उतरायचंय त्याने सराव करायचा कुठे?

आमच्या इथल्या मुलांना आवाजावरून विमान ओळखता येतं. हॅरियर उभ्या उभ्या उतरायचं तेव्हा एकसारखी कर्कश किंचाळी असायची, कानात बोटं घालून बघत राहायचो. मिगचा आवाज छातीत बसतो. ते धावपट्टीला चाकं टेकवतं न टेकवतं तोच पूर्ण ताकदीने पुन्हा उठतं, वळसा घेतं, परत येतं. सकाळभर हेच.

आवारात किनाऱ्यावरच एक खोटा डेक बांधलाय, पुढच्या बाजूला वर वळलेला स्की जंप आणि उतरण्यासाठी अडवणाऱ्या वायर. समुद्रात जाण्याआधी सगळं तिथे घोटून घेतात. तेजसच्या नौदल आवृत्तीने २०१४ च्या डिसेंबरात तिथूनच पहिली झेप घेतली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिथेच पहिल्यांदा वायर पकडली. चारच महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळंकरांनी तेजस 'विक्रमादित्य'वर उतरवलं. भारतात बनलेलं लढाऊ विमान भारतीय डेकवर पहिल्यांदाच उतरलं, आणि उतरवणारा मराठी आडनावाचा माणूस, म्हणून आमच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले होते.

कट्टा_पुणे

माहिती उत्तम, पण प्रश्न विचारतो. एका विमानवाहू नौकेला हजारो कोटी लागतात. नव्या 'विक्रांत'ला सुमारे २०,००० कोटी लागले, त्यात विमानं धरलेली नाहीत. आज शत्रूकडे लांब पल्ल्याची जहाजविरोधी क्षेपणास्त्रं आहेत, पाणबुड्या आहेत, ड्रोन आहेत. त्याच पैशात पाणबुड्या का घेऊ नयेत? गोवा, मुंबई, कोची, अंदमान इथे धावपट्ट्या आहेतच. भारतच एक न बुडणारी विमानवाहू नौका आहे असं म्हणतात ते काही उगाच नाही.

जुना_नाविक

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितोय. मी जुन्या 'विक्रांत'वर विमान हाताळणीच्या खात्यात होतो, नंतर 'विराट'वर. कट्टा_पुणे यांना उत्तर उधाणवारा देतीलच. मी डेकबद्दल लिहितो, कारण ते केल्याशिवाय कळत नाही.

उड्डाण सुरू होण्याआधी सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून डेकभर चालायचं, मान खाली घालून. खिळा, तारेचा तुकडा, रंगाची खपली, काहीही दिसलं की उचलायचं. इंजिनाच्या तोंडात एवढासा नट गेला तरी विमान आणि वैमानिक दोन्ही जाऊ शकतात. अधिकारी असो की नवा पोरगा, या रांगेत सगळे सारखे. चप्पल-बुटाच्या तळव्यात अडकलेला खडासुद्धा बघायचा.

जुन्या 'विक्रांत'ला वाफेचा कॅटापल्ट होता, म्हणजे वाफेच्या जोराने विमान पुढे फेकणारं यंत्र. डेकमध्ये लांब फट, तिच्यातून वाफ येत राहायची. सी हॉक तिथे आणून लावायचं, वैमानिक इंजिन पूर्ण चढवायचा, हात वर करून खूण द्यायचा, आणि विमान डोळ्यांसमोरून नाहीसं झालेलं असायचं. त्या वाफेला एक वास असतो, तेल आणि ओल्या लोखंडाचा. अजून कुठे बॉयलरजवळ उभा राहिलो तर डेक आठवतो.

उतरणं त्याहून अवघड. वैमानिक आरशाच्या यंत्रातला दिवा बघत येतो. दिवा मधोमध दिसला तर उंची बरोबर, वर-खाली दिसला तर चुकलं. चाकं टेकली की इंजिन बंद करायचं नाही, उलट पूर्ण ताकद द्यायची, कारण हूकमध्ये वायर सापडली नाही तर पुन्हा उडता आलं पाहिजे. ताशी दोनशेच्या पुढचा वेग शंभरेक मीटरात शून्यावर येतो. आणि हे सगळं हलत्या जहाजावर. वायर तुटली तर ती डेकवरून चाबकासारखी फिरते, त्यामुळे उतरताना कुठे उभं राहायचं नाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

तिरपा डेक, वाफेचा कॅटापल्ट आणि तो आरसा, तिन्ही कल्पना ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्यांच्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या. आपली 'विक्रांत' अर्धवट बांधून पडलेली होती. १९५७ मध्ये आपण ती घेतली म्हणून बेलफास्टला या तिन्ही गोष्टी तिच्यात घालून पूर्ण झाली. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली, आणि १८ मेला लेफ्टनंट ताहिलियानींनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. पुढे तेच नौदलप्रमुख झाले.

उधाणवारा

काका, हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. आता १९७१, कारण त्यातच कट्टा_पुणे यांचं अर्धं उत्तर आहे.

'विक्रांत' तेव्हा आजारी होती. चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती. इथे वेग म्हणजे काही प्रतिष्ठेची बाब नव्हती. विमान उडवायला डेकवरून समोरचा वारा लागतो. निम्मा वारा निसर्ग देतो, निम्मा जहाज स्वतः धावून तयार करतं. बंगालच्या उपसागरात डिसेंबरात वारा पडलेला असतो. त्यात कॅटापल्टची वाफही याच बॉयलरांतून यायची. नौकेला युद्धात न्यायचंच नाही असं म्हणणारे होते. १९६५ च्या युद्धात ती मुंबईत सुक्या गोदीत होती, पाकिस्तानने ती बुडवल्याच्या बातम्या सोडल्या होत्या, आणि ते शल्य नौदलाला टोचत होतं. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी आणि तिचे कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी तिला तीन बॉयलरांवर युद्धात उतरवायचं ठरवलं.

पाकिस्तानने तिच्या शोधात 'गाझी' पाणबुडी पाठवली. व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विशाखापट्टणमला असा देखावा उभा केला की 'विक्रांत' तिथेच आहे. ठेकेदारांकडे भाजी-मांसाची मोठी मागणी नोंदवली, 'राजपूत' या जुन्या विनाशिकेला बाहेर काढून तिच्यावरून विमानवाहू नौकेसारखी भरपूर बिनतारी वर्दळ सुरू ठेवली. खरी 'विक्रांत' त्या वेळी अंदमानात एका आडवळणाच्या खाडीत होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री 'गाझी' विशाखापट्टणमसमोर बुडाली. राजपूतच्या डेप्थ चार्जने की आतल्याच स्फोटाने, यावर आजही वाद आहे. सकाळी 'विक्रांत'ची विमानं कॉक्स बाजारवर होती.

बघा, पाकिस्तानला ती कुठे आहे हेच कळलं नाही. पूर्वेला त्यांच्याकडे सागरी टेहळणीची विमानं नव्हती. आपल्याकडे अलिझे होती, तिघांच्या चमूची, रडारवाली. ती समुद्र पिंजून काढत होती आणि रात्री बंदरांवर जात होती. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉक तुकडीचे प्रमुख संतोष कुमार गुप्ता, दोघांना महावीर चक्र मिळालं.

@कट्टा_पुणे, आता क्षेपणास्त्रांबद्दल. क्षेपणास्त्राचा पल्ला कितीही असो, लक्ष्य या क्षणी कुठे आहे ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि लक्ष्य तासाला पन्नास किलोमीटर सरकतं. ४ मे १९८२ ला फॉकलंडमध्ये 'शेफील्ड' ही ब्रिटिश विनाशिका बुडवायला अर्जेंटिनाची दोन सुपर एटेंडार्ड विमानं आली, पण त्याआधी त्यांच्या नौदलाचं एक जुनं नेपच्यून विमान लांबून ब्रिटिश जहाजांवर नजर ठेवून होतं. आणि ब्रिटिशांकडे? त्यांच्या दोन्ही विमानवाहू नौकांवर हॅरियर होती, पण उंचावरून खाली बघणारं रडारवालं विमान एकही नव्हतं. हल्लेखोर लाटांना चिकटून आले. 'शेफील्ड' गेल्यावर ब्रिटनने घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरला रडार लटकवलं, तोवर युद्ध संपलं होतं. आपण कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर घेतलं ते याच कामासाठी. त्याच्या पोटाखाली रडार उघडून गोल फिरतं.

त्या युद्धातली ब्रिटनची प्रमुख नौका 'हर्मिस', म्हणजे आपली 'विराट'. नाव तेच, पण १९४२ ला बुडालेल्या हर्मिसनंतरची दुसरी.

कट्टा_पुणे

नजरेचा मुद्दा मान्य. पण नजर किनाऱ्यावरच्या विमानांनीही मिळते. तुमचंच टेहळणीचं पी-८ आय विमान आहे की. मग तरंगती धावपट्टी कशाला?

सिअ‍ॅटलकर

पी-८ चं नाव निघालं म्हणून लिहितो. माझं घर रेंटनपासून फार लांब नाही, तिथल्याच कारखान्यात ही विमानं तयार होतात. बाहेरून साधं ७३७ वाटतं, पण पोटात पाणतीर, पंखाखाली जहाजविरोधी क्षेपणास्त्रं, आणि शेकड्याने सोनोबॉय. सोनोबॉय म्हणजे नळकांडं. ते विमानातून टाकायचं, पाण्यात पडलं की त्यातून श्रवणयंत्र दोरीवर खाली उतरतं, वरचा भाग तरंगत राहून ऐकलेलं विमानाला कळवतो. पाणबुडीला कळतही नाही की डोक्यावर कुणी कान लावून बसलंय. भारताने आपल्या विमानांना शेपटीला चुंबकीय शोधयंत्राचा दांडा लावून घेतला आहे, अमेरिकी नौदलाच्या पी-८ ला तो नसतो.

पहिलं विमान मे २०१३ मध्ये तमिळनाडूत अरक्कोणमला पोचलं. गोव्यात 'हंसा'वर दुसरी तुकडी मार्च २०२२ मध्ये उभी राहिली. डोकलाम आणि लडाखच्या तणावात याच विमानांनी हिमालयावरून नजर ठेवली होती, हे इथल्या मित्रांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

उधाणवारा

@कट्टा_पुणे, पी-८ जाऊन बघून येतं, पण त्याला स्वतःचं रक्षण करता येत नाही. काकांना माहीत असेल, १० डिसेंबर १९७१ ला काय झालं ते. आदल्या रात्री आपली 'खुकरी' युद्धनौका बुडाली होती, ती बुडवणाऱ्या पाकिस्तानी 'हंगोर' पाणबुडीचा शोध चालू होता. किनाऱ्यावरच्या तळावरून एक अलिझे त्या शोधात गेलं आणि पाकिस्तानच्या एफ-१०४ लढाऊ विमानाने ते पाडलं. तिघेही गेले. सोबत लढाऊ विमान नव्हतं, कारण 'विक्रांत' पूर्वेला होती आणि सी हॉक तिच्याबरोबर. डेकवरचं लढाऊ विमान लागतं ते या टेहळणीवाल्यांना वाचवायला आणि शत्रूच्या टेहळणीवाल्याला हाकलायला. किनाऱ्यावरचं लढाऊ विमान हजार किलोमीटरवर घोंघावत थांबू शकत नाही, त्याचं इंधन जाण्या-येण्यातच संपतं.

पाणबुड्या हव्यातच, आणखी हव्यात. पण पाणबुडी शत्रूला समुद्र वापरण्यापासून अडवू शकते. आपली व्यापारी जहाजं, तेलाचे टँकर सुखरूप ये-जा करतील याची हमी ती एकटी देऊ शकत नाही.

जुना_नाविक

त्या अलिझेबद्दल आम्हाला वरच्या बॅचचे लोक सांगायचे. अलिझे पंख्याचं विमान, वेग कमी. एफ-१०४ आवाजाच्या दुप्पट वेगाचं. तरीही खाली उतरून, वळणं घेऊन निसटायचा प्रयत्न झाला असणार. तिघांपैकी कुणाचंच शरीर मिळालं नाही. नौदलाच्या स्मारकांवर नावं आहेत, पण बाहेर किती जणांना ती माहीत आहेत?

उधाणवारा 'नजर' म्हणतात, मी त्यात एक जोडतो. हे काम विकत मिळत नाही. विमान मिळेल, जहाज मिळेल. रात्री पावसात डेकवर विमान फिरवणारा माणूस मिळणार नाही. १९६१ पासून आपण एकही पिढी खंड पडू दिला नाही. १९९७ ला 'विक्रांत' निवृत्त झाली तेव्हा 'विराट' होती, आणि 'विराट' मार्च २०१७ ला गेली तोवर 'विक्रमादित्य' येऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या उस्तादाने मला शिकवलं ते मी पुढच्यांना शिकवलं. चीनने पहिली विमानवाहू नौका २०१२ मध्ये नौदलात घेतली. जहाजं आज त्यांची मोठी आहेत, त्यांच्याकडे पैसाही आहे. पण डेकवरची पन्नास वर्षं त्यांच्यापाशी नाहीत. हा साखळीचा दुवा एकदा तुटला तर जोडायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून तिसरी नौका हवी असं मला मनापासून वाटतं. तीन असल्या की दुरुस्ती धरून दोन समुद्रात राहतात.

खारवी

मालवणचा आहे. आम्हाला नौदलाचं विमान म्हणजे वादळानंतर दिसणारं. खोल समुद्रात गेलेली होडी परत आली नाही की घरातली बायामाणसं आभाळाकडे बघत बसतात, टेहळणीचं डॉर्नियर फिरताना दिसलं की धीर येतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज (कामगारांना राहायची सपाट तळाची नौका) बुडाला, तेव्हा नौदलाच्या जहाजांबरोबर कुलाब्याच्या 'शिक्रा' तळावरची सी किंग हेलिकॉप्टरं खवळलेल्या दर्यावर माणसं शोधत होती. त्या लाटा आम्ही किनाऱ्यावरून बघितल्या आहेत. त्यात हेलिकॉप्टर स्थिर धरून दोरीने माणूस वर ओढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर तारकर्लीला झाला. शिवछत्रपतींच्या जलदुर्गावरून मिग गेलं तेव्हा किनाऱ्यावर उभी असलेली म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. एक रुखरुख आहे. 'विराट' निवतीजवळ आणून तिचं संग्रहालय करायचं राज्य सरकारने २०१८ मध्ये मंजूर केलं होतं, ८५२ कोटींची योजना. ते काही झालं नाही आणि ती अलंगला भंगारात गेली. आमच्या पोरांना ती बघायला मिळायला हवी होती.

वाचनवेडी

@खारवी, अगदी. जुनी 'विक्रांत' मुंबईत संग्रहालय होती तेव्हा शाळेच्या सहलीत बघितली होती. हँगरमध्ये ठेवलेल्या सी हॉकच्या पंखाला हात लावला होता. नंतर तीही भंगारात गेली. तिचं थोडं लोखंड पुण्याच्या बजाजने मोटारसायकलींत वापरलं, पण माणूस डेकवर उभा राहून जे समजतो ते पेट्रोलच्या टाकीवरून कसं समजणार?

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. डिसेंबर २०१९ मध्ये शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, डॉर्नियरवर. आणि जुलै २०२५ मध्ये आस्था पूनिया लढाऊ विमानांच्या शाखेत निवडली जाणारी पहिली महिला. माझी भाची बारावीत आहे, तिच्या भिंतीवर तेव्हापासून मिगचा फोटो आहे.

आणखी एक विचारते. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांना धरून मुंबईला आणलं होतं, त्यात विमानांचा काही हात होता का?

उधाणवारा

होता, मोठा होता. 'रुएन' नावाचं जहाज चाच्यांच्या ताब्यात होतं, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर. पी-८ आय आणि भाड्याने घेतलेल्या सी गार्डियन ड्रोननी त्याच्यावर सतत नजर ठेवली, 'कोलकाता' विनाशिकेने ते अडवलं, आणि हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो होड्यांसकट समुद्रात उतरवले. ४० तासांनी ३५ चाचे शरण आले, जहाजावरचे १७ जण सुखरूप सुटले. चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली झाले.

कट्टा_पुणे

चर्चा आवडली. पाणबुड्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण 'एकतर हे नाहीतर ते' असं म्हणणं सोडतो. शेवटचा प्रश्न. नव्या 'विक्रांत'ला कॅटापल्ट नाही, स्की जंप आहे. मग राफेल तिच्यावरून उडेल का? ते तर फ्रान्समध्ये कॅटापल्टवरून उडतं.

दाबोळीचा शेजारी

हे आमच्याच अंगणात तपासून झालंय. जानेवारी २०२२ मध्ये राफेल-एम (राफेलची नौदल आवृत्ती) 'हंसा'च्या त्या किनाऱ्यावरच्या स्की जंपवरून उडवून बघितलं. नंतर अमेरिकेचं एफ-१८ सुद्धा येऊन गेलं. दोन्ही उडाली. पण स्की जंपवरून उडताना वजनावर मर्यादा येते. कॅटापल्ट फेकून देतो, इथे विमानाला स्वतःच्या इंजिनावर चढायचं असतं. पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं एकत्र नेता येत नाहीत, काहीतरी मागे ठेवावं लागतं.

उधाणवारा

बरोबर. आणि राफेल-एमचे पंख मिगसारखे दुमडत नाहीत, त्यामुळे हँगरमध्ये आणि लिफ्टवर जागेचं गणित नव्याने मांडावं लागणार. एप्रिल २०२५ मध्ये २६ विमानांचा करार झाला, त्यातली २२ एका आसनाची आणि प्रशिक्षणासाठी ४ दोन आसनांची. दोन आसनांची विमानं डेकवरून उडणार नाहीत, ती किनाऱ्यावरच राहतील. उडणारी 'विक्रांत'वर २०२८ पासून यायला लागतील असं ठरलंय. तोवर मिग.

गोव्याला जाणाऱ्यांनी बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी उघड्या अंगणात उभी आहेत. अलिझेच्या आत डोकावून बघा, तिघं किती अडचणीत बसायचे ते कळतं. आणि विशाखापट्टणमला गेलात तर समुद्रकिनाऱ्यावरच्या टीयू-१४२ या जुन्या टेहळणी विमानाच्या आत चढता येतं, ते २९ वर्षं आपल्या समुद्रावर फिरलं.

जुना_नाविक

बोगमाळोला सकाळी लवकर जा, दुपारी ऊन फार लागतं. अलिझेचे पंख दुमडण्याची बिजागरी खालून बघा, तिला वंगण घालण्यात माझी बरीच वर्षं गेली.